मांडीवर सूप

आईवडिलांचा आधार नसताना मूल कसं वाढवायचं, हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या नोकरदार जोडप्यांचा असं आपण धरून चालतो. सोलापुरात तो विडी वळणाऱ्या बाईला विचारा. तिची आई दोन गल्ल्या पलीकडेच राहते, पण तीही विड्याच वळते. नातवाला सांभाळलं तर तिच्या हजार विड्या कोण पुऱ्या करणार? म्हणून बाळ लेकीपाशीच. तिच्या मांडीवर सूप, सुपात पानं नि तंबाखू. बाळ रांगत आलं की गुडघ्यानं थोपवायचं, हात धुतल्याशिवाय उचलायचं नाही. (आमची पालकत्वाची पुस्तकं इथवर पोचत नाहीत.) १९६६च्या विडी-सिगार कामगार कायद्यात सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघराची तरतूद होती, पण ती कारखान्यात बसून काम करणाऱ्या बायकांसाठी. काम घरी आलं, पाळणाघर कागदावरच राहिलं. जानेवारी २०२४मध्ये सोलापूरजवळ कुंभारीच्या रे नगरात विडी कामगारांसह असंघटित कामगारांच्या १५,००० घरांचं लोकार्पण झालं. हक्काचं घर मिळालं, उत्तमच. पण तिथं राहायला गेलेल्या लेकीची शहरात राहिलेली आई आता बसच्या अंतरावर गेली. घरांसाठी वर्षानुवर्षं लढलेल्यांनी आता पाळणाघरांचीही मागणी लावून धरावी.