पागडीचे सर्व्हर आणि सरकारी तिजोरी

जून २०२५ मध्ये नेदरलँड्समधील हेग येथील जिल्हा न्यायालयाने एक निकाल दिला. आपल्याकडे त्याची फारशी चर्चा झाल्याचे माझ्या पाहण्यात नाही. परंतु सरकारी खरेदीशी ज्यांचा संबंध येतो अशा प्रत्येकाने तो समजून घ्यावा, असे मला वाटते. राइक्सवाटरस्टाट हा तेथील रस्ते, जलमार्ग आणि पूरसंरक्षण सांभाळणारा सरकारी विभाग. त्याच्या संगणकव्यवस्थेचा मोठा भाग व्हीएमवेअर या कंपनीच्या सॉफ्टवेअरवर उभा होता. ही कंपनी ब्रॉडकॉमने विकत घेतली, परवान्यांची जुनी पद्धत बंद केली आणि वार्षिक वर्गणीची नवी पद्धत आणली. नवा दर न परवडणारा असल्याने विभागाने दुसरीकडे जायचे ठरवले. पण असे स्थलांतर महिनाभरात होत नाही. तोपर्यंत जुन्या परवान्यांवर देखभाल मिळावी, ही त्याची मागणी कंपनीने मान्य केली नाही आणि वाद न्यायालयात गेला. विभागाला बाहेर पडण्यासाठी दोन वर्षांपर्यंत साहाय्य द्यावे, न दिल्यास दिवसाला अडीच लाख युरो आणि जास्तीत जास्त अडीच कोटी युरो दंड भरावा, असे न्यायालयाने कंपनीला बजावले.

ज्या देशाची निम्मी चिंता समुद्राचे पाणी अडवण्याची, त्या देशाच्या पूररक्षक विभागाला आपले सर्व्हर चालू ठेवण्यासाठी न्यायाधीशांकडे जावे लागले! मी सध्या वाराणसीत नेमणुकीवर आहे आणि माझे काम मुख्यतः वित्तीय सल्ल्याचे. माझ्यासमोर येणाऱ्या नस्त्यांमध्ये "सॉफ्टवेअर परवान्यांचे नूतनीकरण" हा विषय आता दरवर्षी असतो, आणि मार्च महिन्यात तर हमखास असतो. मी तंत्रज्ञ नाही, अर्थशास्त्राचा विद्यार्थी आहे. म्हणून या प्रश्नाकडे यंत्राच्या बाजूने न पाहता पैशाच्या आणि कराराच्या बाजूने पाहणार आहे.

तरीही सर्व्हरचे व्हर्च्युअलायझेशन, म्हणजे आभासीकरण, हे काय आहे ते थोडक्यात सांगायला हवे. येथे ब्रह्माघाट, दुर्गाघाट या भागात पेशवाईपासून मराठी घरे आहेत. तिथल्या जुन्या वाड्यांची रचना पुण्यातल्या वाड्यासारखीच. मधे चौक, भोवती चार-पाच बिऱ्हाडे. प्रत्येकाची चूल वेगळी, कडी-कुलूप वेगळे, पण पाया, भिंती आणि विहीर सगळ्यांची एक. आभासीकरण म्हणजे हाच वाडा. एका मोठ्या सर्व्हरवर अनेक आभासी यंत्रे नांदतात आणि प्रत्येकाला वाटते की सगळे घर आपलेच आहे. कोणाला किती जागा आणि किती पाणी मिळेल हे ठरवणारा जो कारभारी, त्याला हायपरव्हायजर म्हणतात. कल्पना जुनी आहे. आयबीएमने १९७२ मध्येच आपल्या मोठ्या संगणकांसाठी ती बाजारात आणली होती. साध्या, स्वस्त सर्व्हरवर ती रुजवण्याचे श्रेय मात्र १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअरला द्यावे लागते.

त्याआधी सरकारी कार्यालयांत काय चाले ते माझ्या पिढीने पाहिले आहे. वेतनासाठी एक सर्व्हर, टपाल नोंदणीला दुसरा, संकेतस्थळाला तिसरा. प्रत्येकाला स्वतंत्र वातानुकूलन, स्वतंत्र देखभालीचा करार, आणि त्यांतले बहुतेक दिवसाचा बराच वेळ नुसते उबत बसलेले. आभासीकरणाने ही उधळपट्टी थांबवली. एवढेच नव्हे, तर चालू असलेले आभासी यंत्र एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर न थांबवता हलवण्याची सोय २००३ मध्ये आली. बिऱ्हाड हलले आणि चुलीवरचे दूधही उतू गेले नाही, असा हा प्रकार. तंत्र म्हणून त्याला नावे ठेवण्यासारखे काही नाही.

राष्ट्रीय ई-शासन योजनेला २००६ मध्ये मंजुरी मिळाली आणि तिच्याखाली राज्याराज्यांत माहिती केंद्रे उभी राहिली. त्यांचे महत्त्व महाराष्ट्राला २१ जून २०१२ रोजी कळले. त्या दिवशी मंत्रालयाला आग लागली, माणसे दगावली, मजलेच्या मजले जळाले. कागद गेले, पण जे आधीच स्कॅन होऊन राज्य माहिती केंद्रात पोचले होते, ते वाचले. पुढच्या काळात तालुक्यातालुक्यांतल्या सर्व्हरवरचा सातबारा एकत्र आला आणि २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा घरबसल्या मिळू लागला. गावाकडे वडिलोपार्जित दोन एकर जमीन आहे आणि आपण मात्र वाराणसीत, बंगळुरूत किंवा न्यू जर्सीत आहोत, अशा माझ्या वाचकांना याचे मोल वेगळे सांगायला नको. पूर्वी त्या एका कागदासाठी तलाठ्याच्या दारात कुणा चुलतभावाला उभे करावे लागे. आज अशा सेवा सर्वत्र आभासी यंत्रांवरच चालतात. म्हणजे वाड्याचा कारभारी कोण आणि त्याचा मालक कोण, हा प्रश्न आता फक्त संगणक विभागाचा राहिलेला नाही.

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर घेण्याचा सुमारे ६१ अब्ज डॉलरचा व्यवहार मे २०२२ मध्ये जाहीर केला आणि तो २२ नोव्हेंबर २०२३ रोजी पूर्ण झाला. त्याच डिसेंबरमध्ये कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबली. फेब्रुवारी २०२४ मध्ये लहान वापरकर्त्यांना फुकट मिळणारी आवृत्ती बंद झाली (ती एप्रिल २०२५ मध्ये परत आणली गेली, ही गोष्टही नोंदवली पाहिजे). एटी अँड टी ही अमेरिकेची बलाढ्य दूरसंचार कंपनी. तिची सुमारे ७५,००० आभासी यंत्रे ८,६०० सर्व्हरवर होती. तीही २०२४ मध्ये न्यायालयात गेली. दरवाढीचा प्रस्ताव १,०५० टक्क्यांचा होता, असा आरोप त्या खटल्याच्या कागदपत्रांत आहे. पुढे दोघांत तडजोड झाली.

मुंबईकर वाचकांना हे सगळे ओळखीचे वाटेल. कायमस्वरूपी परवाना म्हणजे पागडीची खोली. सुरुवातीला मोठी रक्कम मोजायची, नंतर नाममात्र भाडे, आणि हक्क जवळजवळ मालकाचाच. वर्गणी म्हणजे अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करार. मुदत संपली की नवा दर. एका सकाळी नवा घरमालक आला आणि म्हणाला, पागडी बंद. तुमची खोली तुमचीच, पण गळके छप्पर मी दुरुस्त करणार नाही. संगणकाच्या बाबतीत गळके छप्पर म्हणजे सुरक्षेतील छिद्रे, आणि छिद्रे असलेला सर्व्हर कोणताही जबाबदार अधिकारी चालवू शकत नाही. पागडीदाराच्या पाठीशी निदान १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा होता आणि नंतर १९९९ चा आला. सॉफ्टवेअरच्या भाडेकरूच्या पाठीशी फक्त त्याने स्वतः सही केलेला करार असतो, आणि तो सहसा घरमालकाच्या वकिलाने लिहिलेला असतो.

अर्थात पागडीने मुंबईच्या चाळींचे काय केले, हेही विसरून चालणार नाही. भाडे गोठले म्हणून मालकाने डागडुजी सोडली आणि इमारती मोडकळीस आल्या. वर्गणी नियमित आली तरच उत्पादनात सुधारणा होत राहते, हा कंपन्यांचा युक्तिवाद म्हणूनच मला अगदी पोकळ वाटत नाही. आपले उत्पादन कोणत्या दराने विकायचे हा त्यांचा व्यापारी निर्णय आहे. माझी तक्रार ग्राहकाबद्दल आहे, म्हणजे सरकारबद्दल.

ऑलिव्हर विल्यमसन यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांच्या लेखनात एक फार उपयोगी कल्पना आहे, तिला ते मूलभूत रूपांतर म्हणतात. करार होण्यापूर्वी बाजारात दहा विक्रेते असतात आणि ग्राहक राजा असतो. एकदा करार झाला, माणसे त्या विशिष्ट वस्तूवर शिकली, कामाची घडी तिच्याभोवती बसली, की दहाचा एक होतो. स्पर्धा संपते आणि किंमत ठरवण्याचे बळ पलीकडे जाते. आपली निविदापद्धती हा पहिला क्षण अत्यंत काटेकोरपणे सांभाळते. एल-१ कोण, अनामत भरली का, लिफाफा वेळेत उघडला का, हे सारे लेखापरीक्षक दहा वर्षांनीही तपासतात. दुसऱ्या क्षणाकडे मात्र कुणी पाहत नाही. पाच वर्षांनी नूतनीकरणाची नस्ती येते, तिला प्रोप्रायटरी वस्तूचे प्रमाणपत्र जोडलेले असते आणि सामान्य वित्तीय नियम २०१७ मधील नियम १६६ खाली एकल निविदा मंजूर होते. नियमाचा भंग कोठेही झालेला नसतो. पाच वर्षांपूर्वी ज्या खरेदीला स्पर्धात्मक म्हटले, तिची खरी किंमत त्या दिवशी कळते. त्यात आणखी एक अडचण. परवाना एकदाच घेतला तर तो भांडवली खर्च म्हणून मांडता येई. वर्गणी हा दरवर्षीचा महसुली खर्च. दर डॉलरशी बांधलेला, आणि आपले अनुदान ३१ मार्चला व्यपगत होणारे. ज्याची पाळी मार्चमध्ये येते तो घासाघीस काय करणार?

माहिती केंद्रांच्या निविदांत बाहेर पडण्याची तरतूद नसते असे नाही. पानेच्या पाने असते. परंतु ती असते केंद्र चालवणाऱ्या ठेकेदाराशी. ठेकेदार बदलला तर पासवर्ड, नोंदवह्या, प्रशिक्षण कसे सोपवायचे, एवढेच तिच्यात असते. सॉफ्टवेअरची मूळ मालक असलेली कंपनी त्या कराराची पक्षकारच नसते. तिने उद्या पद्धत बदलली तर आपण दाद कोणाकडे मागणार? हेगच्या निकालाचे महत्त्व मला वाटते ते याच जागी.

पर्याय आहेत, आणि ते किरकोळ नाहीत. केव्हीएम हा मुक्त स्रोत हायपरव्हायजर २००७ पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे. अमेझॉनसारखी कंपनी आपला मेघ-व्यवसाय आधी झेन आणि २०१७ पासून केव्हीएमवर आधारलेल्या व्यवस्थेवर चालवते. व्हिएन्नाच्या प्रॉक्समॉक्सने २०२४ मध्ये व्हीएमवेअरची यंत्रे थेट आपल्याकडे ओढून घेण्याचे साधनच दिले. आपल्या सी-डॅकचे मेघदूत आहे. केंद्र सरकारचे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरणही २०१५ पासून आहे. मग अडते कोठे? तर माणसांपाशी. मुक्त स्रोत म्हणजे फुकट नव्हे. परवान्याचा पैसा वाचतो तो जाणकार अभियंत्याच्या वेतनात जातो. आणि आपल्या व्यवस्थेत एक कोटीचा परवाना विकत घेणे सोपे, पण आकृतिबंधात एक तांत्रिक पद निर्माण करून घेणे महाकठीण. खर्च दोन्हींचा होतो. एकाला खरेदी म्हणतात आणि दुसऱ्याला आस्थापनेचा बोजा. हा फरक केवळ शीर्षाचा आहे, असे मी अनेक टिपण्यांवर लिहिले आहे.

माणसे असली की काय होते याचे उदाहरण याच शहरात आहे. काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या आवारातील आयआयटीमध्ये फेब्रुवारी २०१९ मध्ये परम शिवाय हा ८३७ टेराफ्लॉप्स क्षमतेचा महासंगणक सुरू झाला. तो उभारला पुण्याच्या सी-डॅकने. १९९१ मध्ये विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली परम ८००० बनवला, तीच ही संस्था. महासंगणकात वाड्याची रीत नसते, रांगेची असते. एकेकाचे काम पूर्ण ताकदीने करून पुढच्याला बोलवायचे. पण त्याची कार्यप्रणाली लिनक्स आहे आणि रांग लावणारे सॉफ्टवेअरही मुक्त स्रोत आहे. तीस वर्षे माणसे घडवली म्हणून सी-डॅकला हे जमले. राज्याच्या माहिती केंद्राचे काम याहून अवघड नाही.

माझ्या मते तीन गोष्टी लगेच करता येतील आणि त्यांपैकी एकीलाही नवा कायदा लागत नाही. निविदेचे मूल्यमापन करतानाच सहाव्या ते दहाव्या वर्षाचा दर आणि बाहेर पडण्याचा खर्च मागून घ्यावा व तो एल-१ ठरवताना मोजावा. आज स्वस्त दिसणारा देकार तेव्हा कदाचित तिसऱ्या क्रमांकावर जाईल. मूळ उत्पादक कंपनीकडून, ठेकेदाराकडून नव्हे, दोन वर्षांच्या संक्रमणकाळाची लेखी हमी घ्यावी. हेगमध्ये जे न्यायालयाने दिले ते आपण आधीच करारात लिहून घ्यावे. मोठ्या ग्राहकाला हे मिळू शकते, आणि भारत सरकारहून मोठा ग्राहक या देशात दुसरा नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत साधी. आगीच्या तालमीसारखी प्रत्येक माहिती केंद्राने वर्षातून एकदा स्थलांतराची तालीम करावी. सगळे नको. एखादे कमी महत्त्वाचे आभासी यंत्र, समजा सुट्ट्यांच्या नोंदीचे, निवडावे आणि आपल्याच कर्मचाऱ्यांनी ते दुसऱ्या हायपरव्हायजरवर नेऊन आठवडाभर चालवून दाखवावे. त्याला किती तास लागले, काय बिघडले, कोणाला विचारावे लागले, हे सारे लिहून ठेवावे, आणि पुढच्या मार्चमध्ये नूतनीकरणाची नस्ती येईल तेव्हा ते टिपण तिच्यात पहिल्या पानावर लावावे.