वाट पाहणाऱ्या बेंगळुरूला जागा द्या

आयपीएलचा हंगाम तोंडावर आला की बेंगळुरूत लाल जर्सी दिसू लागतात, रॉयल चॅलेंजर्सच्या अकरा जणांत कोण बसतो यावर वाद रंगतात आणि तिकिटं कधी सुटणार याची विचारपूस घरोघरी सुरू होते. एरवी या उत्सुकतेला तरुणांचं खूळ म्हणून सोडून दिलं जाई. ४ जून २०२५ ला चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर विजयोत्सवाच्या वेळी झालेल्या चेंगराचेंगरीत ११ जणांचा जीव गेल्यापासून तिच्याकडे धोका म्हणून पाहिलं जातं. मला हे निदान चुकीचं वाटतं. माणसांनी आतुरतेने वाट पाहावी यात काहीच वावगं नाही. ही आतुरता सामावून घेणारं क्रिकेट शहरात फार थोडं होतं, हे खरं दुखणं आहे.

बेंगळुरूच्या प्रेक्षकाच्या निष्ठेला पुरावा लागत नाही. १८ एप्रिल २००८ रोजी आयपीएलचा पहिलावहिला सामना याच मैदानावर झाला. कोलकात्याच्या ब्रेंडन मॅक्युलमने नाबाद १५८ धावा केल्या आणि यजमान १४० धावांनी हरले. पुढे २००९, २०११ आणि २०१६ अशा तीन अंतिम लढती गेल्या, त्यातली शेवटची घरच्या मैदानावर अवघ्या ८ धावांनी. तरी गर्दी ओसरली नाही. अखेर २०२५ मध्ये, अठराव्या हंगामात, चषक आला. पण त्या वर्षी शहराने प्रत्यक्ष पाहिलं काय? घरच्या सात सामन्यांपैकी कोलकात्याविरुद्धचा पावसात वाहून गेला, हैदराबादविरुद्धचा पावसाच्याच भीतीने लखनौला गेला. उरलेल्या पाचांत पहिले तीन पराभव आणि मग दोन विजय. साखळीतले बाहेरचे सातही सामने मात्र संघाने जिंकले. अमरावतीच्या जितेश शर्माची ३३ चेंडूंतली नाबाद ८५ धावांची खेळी लखनौत झाली, अंतिम सामना अहमदाबादला. म्हणजे विजेता संघ आपल्या गावात पाहण्याची पहिली संधी शहराला मिळाली ती थेट ४ जूनला. त्या दिवशी लोटलेल्या लोकांना निव्वळ झुंड म्हणणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

साधा हिशेब करू. चिन्नास्वामीची क्षमता जास्तीत जास्त चाळीस हजार धरली, तरी सात संध्याकाळी मिळून तीन लाख जागाही होत नाहीत. त्यातून सभासद आणि प्रायोजकांचा वाटा वजा करायचा. शहराची वस्ती एक कोटीच्या वर. अमेरिकेतल्या बोस्टनचं फेनवे पार्क हे बेसबॉलचं मैदानही असंच जुनं, भर वस्तीतलं आणि चाळीस हजारांहून कमी क्षमतेचं. तिथला रेड सॉक्स संघही विजेतेपदासाठी ८६ वर्षं झुरला, २००४ पर्यंत. पण तिथे एका हंगामात घरचे ८१ सामने होतात. आज जमलं नाही तर माणूस पुढच्या आठवड्यात जातो. शिवाय वेळापत्रक आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यातच हाती पडतं. आयपीएलचा २०२५ चा हंगाम २२ मार्चला सुरू झाला आणि वेळापत्रक आलं १६ फेब्रुवारीला. हुबळीहून किंवा बेळगावहून येणाऱ्या कुटुंबाने रजा, गाडी आणि मुक्काम जुळवायचा कधी?

क्रिकेट म्हणजे बेसबॉल नव्हे, खेळाडूंची शरीरं आणि आंतरराष्ट्रीय सामने आधीच ताणलेले आहेत, ही हरकत मला मान्य आहे. विराट कोहलीने घरी ८१ सामने खेळावेत असं कुणीच म्हणणार नाही. पण शहराची भूक एकाच संघाने भागवावी असं तरी कुठे आहे? २०२४ च्या महिला प्रीमियर लीगचा पहिला टप्पा चिन्नास्वामीवरच झाला, प्रेक्षकांनी तो उचलून धरला आणि सांगलीच्या स्मृती मानधनाच्या बेंगळुरू संघाने १७ मार्चला पुरुषांच्या आधी चषक जिंकून दाखवला. राज्याची महाराजा ट्रॉफी आहे, रणजी आहे. दुर्घटनेनंतर नेमकं उलट घडलं: २०२५ ची महाराजा ट्रॉफी म्हैसूरला गेली आणि महिला विश्वचषकाचे सामने नवी मुंबईला. सुरक्षिततेचं कारण खोटं नव्हतं. चौकशी आयोगाने हे मैदान मोठ्या गर्दीसाठी असुरक्षित ठरवलं होतं. तेव्हा दरवाजे रुंद करा, बाहेर पडण्याच्या वाटा वाढवा, तोवर सामने हलवणंही समजू शकतं. मात्र खेळ कमी करणं हा कायमचा उपाय मानला, तर उरलेल्या मोजक्या संध्याकाळींवरचा भार आणखी वाढेल.

बेंगळुरूजवळच्या बोम्मसंद्रला ८० हजार क्षमतेचं नवं स्टेडियम योजलं आहे, त्याने प्रश्न सुटेल, असंही म्हटलं जातं. जागा वाढतील हे खरं. पण ४ जूनला नुसती जागा कमी पडली नव्हती. मिरवणूक निघणार की नाही, आत कोणाला सोडणार, पास लागणार का, याचं एक ठाम उत्तर लोकांकडे नव्हतं. पोलिसांची परवानगी नसताना समाजमाध्यमांवरून मिरवणुकीचं आमंत्रण दिलं गेलं, असं राज्य सरकारनेच उच्च न्यायालयात सांगितलं. ऐंशी हजारांच्या मैदानाबाहेरही असा गोंधळ तितकाच जीवघेणा ठरेल. म्हणून नियामक मंडळाने घरच्या सामन्यांच्या तारखा निदान तीन महिने आधी द्याव्यात, संघमालकांनी सर्वसामान्यांसाठी किती तिकिटं खुली आहेत हे विक्रीआधी जाहीर करावं आणि मैदान सुरक्षित ठरताच कर्नाटक क्रिकेट संघटनेने महाराजा ट्रॉफी व महिलांचे सामने प्रेक्षकांसह चिन्नास्वामीवर भरवावेत. यातल्या एकाही गोष्टीसाठी बोम्मसंद्रचं बांधकाम पूर्ण होण्याची गरज नाही.