रक्तदात्याचें खरें उत्तर

रक्तदानासारखें दान नाहीं, हें आपण नेहमीं ऐकतों, आणि तें खरेंही आहे. परंतु दानाची योग्यता देणाऱ्याच्या उत्साहावरूनच ठरत नाहीं. घेणाऱ्याचें त्यांत हित आहे कीं नाहीं, हेंही पाहावें लागतें. या दृष्टीनें प्रवासाहून परतलेल्या रक्तदात्याचा प्रश्न विचार करण्याजोगा आहे.

डेंग्यू, चिकुनगुन्या, झिका व वेस्ट नाइल या रोगांचे विषाणु डासांच्या दंशानें शरीरांत शिरतात. झिकाची बाधा झालेल्या पांचांपैकीं सुमारें चौघांस कांहींच त्रास जाणवत नाहीं. असा मनुष्य आपण निरोगी आहों या समजुतीनें रक्त देतो. २००२ सालीं अमेरिकेंत वेस्ट नाइलची सांथ असतां २३ रुग्णांस हा रोग दिलेल्या रक्तांतूनच जडल्याचें सिद्ध झालें; २००३ पासून तेथें रक्ताची त्यासाठीं तपासणी होऊं लागली.

आपल्या देशांत रक्ताची तपासणी पांच रोगांकरितां सक्तीची आहे: एच. आय. व्ही., ‘ब’ व ‘क’ प्रकारची कावीळ, उपदंश आणि हिवताप. वरील चार विषाणूंचा तींत समावेश नाहीं. अर्थात् त्यांच्यापुरती मुख्य गाळणी म्हणजे दात्याचें खरें उत्तर. राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेनें २०१७ सालीं घालून दिलेल्या नियमांप्रमाणें, झिकाची सांथ असलेल्या किंवा वेस्ट नाइलचा नित्य वावर असलेल्या प्रदेशांतून आलेल्यानें ४ महिने थांबावें. डेंग्यू-चिकुनगुन्याच्या प्रदेशांतून आलेल्यानें, ज्वर आला नसल्यास, ४ आठवडे. आणि हे दोन रोग होऊन गेले असल्यास पूर्ण बरें झाल्यावर ६ महिने.

नियम सोपा आहे. कठीण आहे तें खरें बोलणें. आप्त रुग्णालयांत पडलेला असतो, बदली रक्ताची मागणी होते, आणि भाऊ आपला प्रवास सांगत नाहीं. शिबिरांत मित्रांदेखत परत फिरण्याची लाज वाटते. हेतु चांगला असतो. पण तें रक्त एखाद्या गर्भवतीस दिलें गेलें तर? झिकामुळें गर्भाच्या मेंदूची वाढ खुंटते, हें २०१५-१६ सालीं ब्राझील देशांत जगानें पाहिलें आहे.

कोणी म्हणतील, रक्ताचा तुटवडा असतां इतकी चाळण कशाला? परंतु एरवींही दोन रक्तदानांमध्यें पुरुषांस ९० व स्त्रियांस १२० दिवसांचें अंतर ठेवावेंच लागतें. मग प्रवासानंतर चार महिने थांबणें ही कांहीं शिक्षा नव्हे. तुटवड्यावर उपाय नियमित दाते वाढविण्याचा आहे, सत्य लपविण्याचा नव्हे. शिबिर भरविणाऱ्यांनींही थांबविलेल्या दात्याचे आभार मानून त्यानें पुन्हां केव्हां यावें, तें सांगितलें पाहिजे.

विद्यार्थिमित्रहो, अठरा वर्षें पुरीं होईपर्यंत तुम्हांस रक्त देतां येणार नाहीं. परंतु वडील शिबिरास निघतील तेव्हां, “बाबा, मागच्या महिन्यांतला प्रवास आणि तो ताप सांगाल ना?” एवढें तुम्हीं अवश्य विचारावें. पालकांनींही त्याचा राग मानूं नये. त्या एका प्रश्नानें एखाद्या अनोळखी रुग्णाचा जीव वांचेल.