निदण उपटण्यापूर्वी

साकिब नाचण २८ जून २०२५ रोजी दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयात मरण पावला. त्या वेळी तो कच्चा कैदी होता. ठाणे जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यातील पडघ्यालगतच्या बोरिवली गावचा हा रहिवासी 'सिमी' या विद्यार्थी संघटनेत अखिल भारतीय पदापर्यंत चढला, दोन खटल्यांत दोषी ठरून शिक्षा भोगून आला आणि 'इस्लामिक स्टेट'चा येथील म्होरक्या असल्याच्या आरोपावरून पुन्हा गजाआड गेला. कल्याणहून तासाभराच्या आत ज्या गावी पोचता येते, त्या गावातील हे चरित्र आहे. म्हणूनच ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील आपल्या धर्मग्रामांना ते दूर देशीची वार्ता म्हणून बाजूला सारता येणार नाही.

या मृत्यूच्या वार्तेवर आपल्यापैकी कित्येकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. त्यात गैर काही नाही. परंतु त्यापाठोपाठ एक दुसरे वाक्यही आपल्या घरांत, मिस्सानंतरच्या गप्पांत आणि धर्मग्रामाच्या भ्रमणध्वनी-समूहांत सर्रास ऐकू येते : "ते सगळे तसलेच." प्रस्तुत लेख या वाक्याविरुद्ध लिहिला आहे. हे वाक्य असभ्य आहे, हे तर खरेच; पण माझा मुख्य आक्षेप निराळा आहे. नाचणसारख्या नेत्याला जे सिद्ध करावयाचे असते, तेच हे वाक्य फुकटात सिद्ध करून देते.

प्रथम त्या चरित्राकडे पाहू. दारिद्र्याने आणि अज्ञानाने माणूस अतिरेकी होतो, अशी एक सोयीस्कर समजूत आहे. नाचणच्या बाबतीत ती टिकत नाही. तो सुस्थितीतील कोकणी मुस्लिम घराण्यातला, पदवीपर्यंत शिकलेला होता. 'सिमी'ची स्थापना एप्रिल १९७७ मध्ये अलीगढला झाली. आरंभी ती जमाते इस्लामी हिंद या संघटनेच्या छायेत होती. परंतु तिची भाषा जहाल होऊ लागली, तेव्हा जमातेने तिच्यापासून अंग काढून घेतले आणि १९८२ साली आपली निराळी विद्यार्थी संघटना काढली. ही घटना लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्या समाजातील वडीलधाऱ्यांनीच त्या वाटेला नकार दिला होता. आणि तरीही ज्यांनी ती वाट धरली, ते सुशिक्षित तरुण होते. भाकरीची भूक त्यांना तेथे घेऊन गेली नाही. आपल्या आयुष्याला काही अर्थ असावा, आपण कोणीतरी असावे, ही भूक त्यांना घेऊन गेली. अशी भूक आपल्या मुलांनाही असते, हे विसरून चालणार नाही.

१९९२ साली नाचणला अटक झाली. 'टाडा' कायद्याखालील त्या खटल्यात खलिस्तानवादी लालसिंग हा त्याचा सहआरोपी होता. एकाला खलिस्तान हवे होते, दुसऱ्याला इस्लामी राज्य. धर्म वेगळा, स्वप्न वेगळे, तरी दोघेही एका खटल्यात. धर्माच्या नावाने शस्त्र उचलणाऱ्याला धर्मापेक्षा शस्त्र जवळचे वाटू लागते, याचा याहून स्पष्ट दाखला कोणता? विशेष न्यायालयाने दिलेली जन्मठेप सर्वोच्च न्यायालयात दहा वर्षांवर आली आणि २००१ मध्ये तो सुटला. त्याच वर्षी सप्टेंबरात केंद्र शासनाने 'सिमी'वर बंदी घातली.

पुढे डिसेंबर २००२ ते मार्च २००३ या काळात मुंबई सेंट्रल, विलेपार्ले आणि मुलुंड येथे स्फोट झाले. १३ मार्च २००३ रोजी मुलुंडला जिच्यात स्फोट झाला, ती कर्जतकडे जाणारी लोकल होती. स्फोट महिलांच्या डब्यात झाला. कामावरून ठाणे, डोंबिवली, कल्याणकडे परतणाऱ्या बायकांचा तो डबा. त्या गाडीने कोणाचा धर्म विचारला नव्हता, आणि बॉम्बनेही विचारला नाही. या तीन स्फोटांच्या खटल्यात २०१६ साली विशेष न्यायालयाने निकाल दिला. बॉम्ब पेरल्याबद्दल इतरांना जन्मठेप झाली; नाचणला शस्त्रे बाळगल्याबद्दल दहा वर्षांची शिक्षा झाली. आधी भोगलेला तुरुंगवास जमेस धरून २०१७ मध्ये तो गावी परतला. डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय तपास संस्थेने पडघा परिसरातून त्याला व इतरांना पकडले. त्याने तरुणांना 'बैयत', म्हणजे निष्ठेची शपथ दिली आणि गावाला 'अल शाम' असे नाव देऊन ते 'मुक्त प्रदेश' घोषित केले, असा संस्थेचा आरोप होता. तो सिद्ध वा असिद्ध होण्यापूर्वीच आरोपी मरण पावला.

आता प्रश्न असा की, दोनदा शिक्षा झालेल्या माणसाभोवती तरुण पुन्हा गोळा होतात ते कशामुळे? २००३ साली त्याला पकडण्यास गेलेल्या पोलिसांना गावकऱ्यांनी अडविले होते. त्या गावात त्याला विरोध करणारे कोणी नव्हते, असे मी मानीत नाही. पण विरोध असणे निराळे आणि तो चारचौघांत उच्चारणे निराळे. अशा नेत्याचे सारे तत्त्वज्ञान एका वाक्यात सांगता येते : "तुम्हांला आमच्यावाचून कोणी नाही." आतल्यांच्या मौनामुळे हे वाक्य खोडले जात नाही, आणि बाहेरच्यांच्या घाऊक संशयामुळे ते खरे वाटू लागते. त्याच्या घराला हे दोन खांब आहेत. पहिला खांब हलविणे प्रामुख्याने मुस्लिम बांधवांच्या हाती आहे, आणि तसे आपण त्यांना स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे. मैत्रीच्या नावाखाली या प्रश्नाला बगल देणे ही मैत्री नव्हे. दुसरा खांब मात्र आपल्या खांद्यावर उभा आहे.

मौन मोडणारे नसतातच, असे कोणी म्हणेल तर त्याला कल्याणकडेच बोट दाखवावे लागेल. मे २०१४ मध्ये कल्याणचे चार तरुण यात्रेकरूंच्या जथ्याबरोबर बगदादला गेले आणि तेथून 'इस्लामिक स्टेट'ला जाऊन मिळाले. त्यांपैकी एकजण नोव्हेंबर २०१४ मध्ये परतला. त्याला मिळालेला जामीन उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये कायम केला. वर्तमानपत्रांनी त्या चौघांचीच छायाचित्रे छापली. पण मुले बेपत्ता झाल्यावर पोलिसांकडे धाव घेणारे त्यांचे पालकच होते, हे किती जणांच्या स्मरणात आहे? आपल्या मुलाविरुद्ध साक्ष ठरू शकेल अशी माहिती घेऊन ठाण्याची पायरी चढणाऱ्या बापाचे धैर्य आपण कधी मोजले काय? "सगळे तसलेच" म्हणताना त्या बापालाही आपण त्याच गोणीत भरतो. उद्या दुसरा बाप ती पायरी चढण्यापूर्वी शंभरदा विचार करील, आणि त्या विलंबाची किंमत आपणही मोजू.

दुसरे उदाहरण प्रत्यक्ष भिवंडीचे. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी हे गाव होरपळले होते. १९८८ मध्ये पोलिस उपायुक्त म्हणून आलेले सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्यांचा प्रयोग केला. हिंदू आणि मुसलमान, यंत्रमाग कामगार आणि दुकानदार यांना पोलिसांसमवेत नियमित एकत्र बसविले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. म्हणजे ज्या तालुक्यात एक माणूस "तुम्हांला कोणी नाही" असे सांगत होता, त्याच तालुक्यात साध्या बैठकांनी ते विधान खोटे ठरविले होते. नाचणचे नाव आज सर्वतोमुखी आहे. त्या समित्यांतील माणसांची नावे कोणालाच ठाऊक नाहीत. आपल्या स्मरणशक्तीचा हा दोष नेत्याच्या पथ्यावर पडतो.

यावर आक्षेप येईल : "मग काय, शासनाने हात बांधून बसावे?" मुळीच नाही. स्फोट घडविणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे. परंतु शिक्षा अपराध्याला व्हावी, गोतावळ्याला नव्हे. आणि ती पुराव्याने व्हावी. ११ जुलै २००६ च्या लोकल स्फोटांच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ रोजी सर्व बारा आरोपींना निर्दोष ठरविले. शासनाने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली आहे. पण एकोणीस वर्षांनी असा निकाल येतो, तेव्हा दोन अन्याय एकदम होतात : मृतांच्या घरांना खरा अपराधी कोण ते कळत नाही, आणि मोहल्ल्यातील मुलाला मात्र तयार तक्रार मिळते. असल्या तक्रारींवर नेते पोसले जातात.

आणि आरोप म्हणजे अपराध नव्हे, हे कॅथलिकांना कोणी शिकवावे? फादर स्टॅन स्वामी यांना ऑक्टोबर २०२० मध्ये दहशतवादविरोधी कायद्याखाली अटक झाली. तळोजा कारागृहातील कच्चा कैदी असलेला हा ८४ वर्षांचा येशूसंघीय धर्मगुरू ५ जुलै २०२१ रोजी वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात मरण पावला. स्टॅन स्वामी आणि नाचण यांची तुलना मी करीत नाही. ती होऊच शकत नाही. एकाने आयुष्य आदिवासींच्या हक्कांसाठी वेचले, दुसऱ्याला शस्त्रांबद्दल शिक्षा झाली होती. परंतु फादर स्टॅन यांच्यासाठी आपण मेणबत्त्या लावून जो न्याय मागितला, तो केवळ आपल्या माणसापुरता होता काय? तसे असेल तर ती न्यायाची मागणी नव्हती, ती जातभाईंची वकिली होती.

"पण ते आपल्यावरच उलटले तर?" हा प्रश्न भ्याडपणाचा नाही. २१ एप्रिल २०१९ रोजी, ईस्टरच्या सकाळी, श्रीलंकेतील कोच्चिकडे येथील संत अंतोनी, नेगोम्बो येथील संत सेबास्तियन आणि बट्टिकलोआ येथील झायन या चर्चमध्ये आणि कोलंबोच्या हॉटेलांत आत्मघातकी स्फोट झाले. अडीचशेहून अधिक माणसे गेली. त्या कटाचा म्होरक्या झहरान हाशिम याच्याविषयी त्याच्या कट्टनकुडी गावातील मुसलमानांनीच आधी तक्रारी केल्या होत्या. भारताच्या गुप्तचरांनीही आगाऊ सूचना दिली होती. शासनाने दुर्लक्ष केले. जानेवारी २०२३ मध्ये श्रीलंकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याबद्दल माजी राष्ट्राध्यक्षांना नुकसानभरपाई देण्यास फर्माविले. मे २०१९ मध्ये तेथे मुसलमानांची दुकाने व मशिदी जाळण्यात आल्या, त्या वेळी कार्डिनल माल्कम रणजित यांनी आपल्या लोकांना हात न उचलण्याचे आवाहन केले. ज्यांच्या वेदीपुढे प्रेते पडली होती, त्यांनी हे म्हटले. आपल्या चर्चच्या काचेलाही तडा गेलेला नसताना आपण त्याहून कडवे का व्हावे?

ठाण्याच्या कॅथलिकांना तर हा धडा सातशे वर्षांपूर्वीच मिळालेला आहे. एप्रिल १३२१ मध्ये टोलेंटिनोचे थॉमस आणि त्यांचे तीन फ्रान्सिस्कन सोबती ठाण्यात काझीसमोर झालेल्या धर्मचर्चेनंतर मारले गेले. फ्रायर जोर्डानस यांनी त्यांना सोपाऱ्यास पुरले. नंतर आलेल्या ओडोरिक यांच्या वृत्तांतात पुढेही सांगितले आहे : ज्या अधिकाऱ्याने त्यांना मारविले, त्याला दिल्लीच्या मुसलमान सुलतानानेच मृत्युदंड दिला. म्हणजे मारणाराही मुसलमान आणि न्याय करणाराही मुसलमान. आपण हुतात्म्यांची कथा सांगतो आणि तिचा उत्तरार्ध गाळतो. अर्धी कथा सांगणे ही श्रद्धा नव्हे. शिवाय धर्माच्या नावाने झालेल्या छळाचे पातक आपल्याही इतिहासात आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १२ मार्च २००० रोजी त्याबद्दल जाहीरपणे क्षमा मागितली.

मग आपण करावे तरी काय? फार मोठे काही नाही, पण नेमके. आपल्या समूहांवर येणारा द्वेषाचा मजकूर पुढे पाठवू नये. पाठविणाऱ्याला, तो आपला कोम्पार असला तरी, थांबवावे. नाव ऐकताच भाड्याने घर नाकारणाऱ्या गृहनिर्माण संस्थांत कॅथलिक सभासदांनी त्या ठरावाविरुद्ध हात वर करावा. भिवंडीच्या समित्यांसारखे शेजाऱ्यांचे बसणे-उठणे धर्मग्रामाने स्वतः होऊन सुरू करावे, आणि तेथे गोड बोलण्याबरोबरच पडघ्याचा प्रश्नही विचारावा. आणि सर्वांत महत्त्वाचे, आपल्या तरुणांकडे पाहावे. बाप्तिस्म्याची वचने भर मंदिरात, आईबापांच्या देखत, उंच आवाजात दिली जातात. म्होरक्याची शपथ आईबापांपासून लपवावी लागते. जी निष्ठा घरच्यांपासून लपवावी लागते ती देवाची असू शकत नाही, हे आपल्या मुलांना आपण कधी सांगितले आहे काय? तरुणांना सणाची वर्गणी आणि क्रिकेटचे सामने यांपलीकडे काही अर्थपूर्ण काम धर्मग्राम देत नसेल, तर ती पोकळी कोणीतरी भरील. तो कोण असेल, हे आपल्या हाती राहणार नाही.

प्रभू येशूच्या दाखल्यातील दासांना शेतात निदण दिसताच ते उपटून टाकण्याची घाई झाली होती. धन्याने त्यांना अडविले, कारण निदणाबरोबर गहूही उपटला गेला असता. धन्याला निदण प्रिय होते म्हणून त्याने तसे केले नाही. त्याला गव्हाची काळजी होती. शेजारच्या शेतात गहू आहे, हेच ज्याला मान्य नाही, त्याने हा दाखला ऐकूनही ऐकलेला नाही. निदण पेरणारा रात्री येतो, असे प्रभूने सांगितले. आणि रात्री तो येतो तेव्हा लोक झोपलेले असतात. पडघा, कल्याण, भिवंडी ही शेते आपल्या बांधाला लागून आहेत. तेथे जागे राहावयाचे तर आधी त्या शेतांतील गव्हाला गहू म्हणावे लागेल.