एका पानावरचं काम
सिॲटल किंवा सांता क्लारामध्ये चार-पाच वर्षं कोड लिहिलेली आपली मुलं एमबीएचा अर्ज भरायला बसली, की नोकरीसाठी केलेला जुना रेझ्युमेच पुढे करतात. त्यात जावा, पायथन, कुबरनेटीस अशी लांबलचक यादी असते. ती यादी इंजिनिअर नेमणाऱ्या मॅनेजरच्या कामाची. प्रवेश समितीला जाणून घ्यायचं असतं, की या माणसामुळे काय बदललं आणि त्याने कोणाकोणाला सोबत घेतलं. एक उदाहरण बघा. मुंबईत वाढलेले सॉफ्टवेअर उद्योजक विवेक रणदिवे एमआयटीतून इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाले आणि 1983 मध्ये त्यांनी हार्वर्डमधून एमबीए केलं. पुढे त्यांनी उभारलेल्या प्रणालीला ‘सॉफ्टवेअर बस’ म्हटलं, तर ती फक्त तंत्रज्ञाला कळते. ‘वॉल स्ट्रीटवरच्या दलालाला विखुरलेली माहिती त्याच क्षणी एकत्र दिसू लागली’ असं सांगितलं, तर कोणालाही कळते. हेच भाषांतर रेझ्युमेत करायचं असतं. ‘डेटाबेस सुधारला’ एवढ्यावर थांबू नका. ग्राहकाची किती मिनिटं वाचली, खर्च किती घटला, हे खऱ्या आकड्यांत लिहा. नवख्याला शिकवलं असेल, दोन विभागांतला तिढा सोडवला असेल, महाराष्ट्र मंडळाचा गणेशोत्सव उभा केला असेल, तर तेही लिहा. ते नेतृत्वच आहे. ‘आम्ही केलं’ म्हणण्याचा आपला संस्कार चांगला आहे, पण इथे आपला वाटा स्पष्ट सांगावाच लागतो. फोटो, वय, वैवाहिक स्थिती गाळा आणि सगळं एका पानात बसवा. मग ते पान तंत्रज्ञान न कळणाऱ्या आईला किंवा मावशीला वाचून दाखवा. तिला तुमचं काम कळलं, तरच ते पाठवा.