गेट उघडल्यावर पुढे काय?

मा. संचालक,
औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, महाराष्ट्र राज्य यांस,



1981 साली जपानमध्ये आकाशी येथील कावासाकीच्या कारखान्यात बिघडलेला रोबोट पाहायला मेंटेनन्सचा एक कामगार कुंपणाच्या आत गेला. गेटमधून गेला असता तर वीज आपोआप तुटली असती. तो कुंपणावरून उडी मारून गेला, असे तेव्हा सांगितले गेले. आणि रोबोटच्या हाताने त्याला चिरडले. सुरक्षेची सोय होती, पण गेट उघडले की लाइन थांबते आणि ती पुन्हा सुरू करायचा खटाटोप मागे लागतो. गेटच्या स्विचला जंपर मारून तो निकामी करण्याची बुद्धी इथूनच सुचते.

उत्पादन सुरळीत चालू असताना रोबोटजवळ सहसा कोणी नसतेच. माणूस आत शिरतो तो रोबोट बसवताना, शिकवताना किंवा अडकलेला पार्ट काढताना. 2015 मध्ये फोक्सवागेनच्या बाउनाटाल कारखान्यात बाहेरच्या कंपनीचा तरुण तंत्रज्ञ दगावला, तो रोबोट बसवण्याच्या कामात. त्याच वर्षी मानेसरला एक कामगार सरकलेला पत्रा नीट करायला गेला आणि जीव गमावून बसला.

रोबोटला शिकवताना हातात धरायच्या नियंत्रकावरचे, म्हणजे टीच पेंडंटवरचे, बटण दाबून पाहावे. अर्धवट दाबले तरच रोबोट हलतो. सोडले की थांबतो आणि घाबरून करकचून आवळले तरीही थांबतो. वेगही सेकंदाला 250 मिलिमीटरच्या आत राहतो. भीतीने बोटे आवळतात हे ओळखणारा इंजिनिअर शहाणाच म्हणायचा! पण तेच बटण बराच वेळ धरून बोटे अवघडली, की कोणीतरी त्यावर चिकटपट्टी गुंडाळतो.

कुंपणाशिवाय चालणारे रोबोटही आहेत. चाकणला बजाज ऑटोने बऱ्याच वर्षांपूर्वी असे कोबॉट आणले. धक्का लागताच थांबणारे हे यंत्र माणसाशेजारी उभे राहू शकते. शरीराच्या कोणत्या भागावर किती दाब चालेल, याची मर्यादाही 2016 च्या आयएसओ दस्तऐवजात आहे. मात्र कोबॉटच्या पंजात धारदार पार्ट असेल तर हा भरवसा पुरत नाही.

म्हणून संचालनालयाने तपासणीत कागदांआधी गेट उघडायला लावावे, आणि लाइन पुन्हा सुरू व्हायला किती पायऱ्या व किती मिनिटे लागतात ते नोंदवावे. आत जाणाऱ्या कंत्राटी माणसाकडे मेन स्विचला लावायला स्वतःचे कुलूप आहे का, पेंडंटवरचा इशारा त्याला वाचता येतो का, हेही त्यालाच विचारावे. शक्यतो रात्रपाळीत, सुपरवायझर जवळ नसताना.