सोन्याच्या खाणीच्या मॅनेजरची वही

सोन्यासाठी उडालेल्या झुंबडीची गोष्ट निघाली की तुमच्या डोळ्यांपुढे काय येते? नदीकाठी उकिडवा बसलेला एक दाढीवाला, हातात पत्र्याची परात आणि गाळातून एकाएकी चमकलेला सोन्याचा खडा. चित्रपटांनी आणि साहसकथांनी हे चित्र इतके पक्के केले आहे की, सोने म्हणजे नशीब असे आपण धरूनच चालतो. मला हे चित्र अपुरे वाटते. त्या काळाचा खरा नायक (आणि थोडासा खलनायकही) परात घेऊन बसलेला नव्हता. तो वही पुढे ओढून हिशेब करत बसला होता. तो म्हणजे खाणीचा मॅनेजर.

अशा एकाची गोष्ट सांगतो. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या ओसाड प्रदेशात १८९२ साली कूलगार्डीला आणि १८९३ साली कालगुर्लीला सोने सापडले आणि जगभरातून माणसे तिकडे धावली. १८९६ साली लिओनोरा गावाजवळ तिघा जणांना खडकात सोन्याची शीर मिळाली. खाणीचे नाव पडले ‘सन्स ऑफ ग्वालिया’. आपल्या ग्वाल्हेरशी याचा काही संबंध नाही बरे का! ग्वालिया हे वेल्सचे जुने काव्यमय नाव आहे. शोधणाऱ्यांनी ती खाण ५,००० पौंडांना विकून टाकली. पुढे ती लंडनच्या एका कंपनीकडे आली आणि १८९८ च्या मे महिन्यात तेथे मॅनेजर म्हणून आला अवघ्या २३ वर्षांचा एक अमेरिकन भूशास्त्रज्ञ, हर्बर्ट हूव्हर. होय, १९२९ साली अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला तोच.

त्याचे जगणे कसे होते? खाणी पाहायला जायचे ते उंटावरून. हे उंट आणि उंटवाले बहुतेक अफगाणिस्तान, बलुचिस्तान, सिंध, पंजाबकडून तिकडे गेलेले. भोवती रखरखीत उन्हाळा, माश्या आणि धूळ. पाणी जमिनीखाली होते, पण खारट. ते उकळून, वाफ थंड करून प्यायचे. म्हणजे पाण्यालाही लाकूड जाळायला हवे! कालगुर्लीपर्यंत पाण्याचा प्रचंड नळ आला तो १९०३ साली. ग्वालिया तर त्याहून दोनशेच्या वर किलोमीटर उत्तरेला.

आता त्याच्या वहीत डोकावू. समजा, एक टन खडकात सव्वा तोळा सोने आहे. एक टन गारगोटीचा ठोकळा केला तर त्याची बाजू सुमारे ७२ सेंटिमीटर होईल. सव्वा तोळा सोने म्हणजे पाऊण घनसेंटिमीटर, एका चिंचोक्याएवढे. तेही एकत्र नाही. त्या साऱ्या ठोकळ्यात कणाकणाने विखुरलेले. खडक फोडायचा, वर आणायचा, कुटून पीठ करायचे, पाऱ्याने आणि सायनाइडच्या द्रावणाने सोने वेगळे करायचे. त्या काळच्या भावाने एवढ्या सोन्याचे मिळणार सुमारे ४० शिलिंग. खर्च ३० शिलिंग आला तर खाण चालते. ४१ आला तर सोने असूनही खाण बंद! म्हणून मॅनेजर जागोजागचे नमुने घेऊन सतत कस काढत असे. नशिबावर त्याचा भरवसा नसे, आणि याबद्दल मला त्याचे कौतुकच वाटते.

पण इथेच मेख आहे. सोन्याचा भाव ठरलेला होता, तो वाढवणे त्याच्या हाती नव्हते. खडकातले सोने निसर्गाने ठरवलेले. हाती उरला तो फक्त खर्च, आणि खर्चात मोठा वाटा मजुरीचा. हूव्हरने कामाचे आठवड्याचे तास ४४ वरून ४८ केले, रविवारच्या कामाचा दुप्पट पगार बंद केला आणि मजुरी कमी पडावी, संपालाही जोर राहू नये म्हणून इटालियन मजूर आणले. वहीतला खर्च उतरला. (१९०९ साली लिहिलेल्या पुस्तकात मात्र त्याने कामगार संघटनांची बाजू रास्त मानली, हेही सांगायला हवे.)

माझा आक्षेप हिशेबाला नाही, अर्ध्या हिशेबाला आहे. त्या काळी यंत्राने खडकाला भोके पाडत ती कोरडीच. गारगोटीची धूळ श्वासावाटे छातीत जाई आणि काही वर्षांनी फुफ्फुसे निकामी होत. या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. वर्गात मी तुमच्यासारख्यांना सांगतो, ‘हवेचा विरोध सोडून द्या.’ दगड पडत असेल तर ते चालते. धुळीच्या कणाला मात्र हवेचा विरोध हेच सर्वस्व! स्टोक्सने १८५१ साली दिलेल्या सूत्राने काढले तर एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, व्यासाचा गारगोटीचा कण स्थिर हवेत दीड मीटर खाली यायला सुमारे पाच तास घेतो. पाळीचा अर्ध्याहून अधिक वेळ तो मजुराच्या नाकासमोर तरंगत राहणार. हे सूत्र तेव्हा जवळजवळ ५० वर्षांचे जुने होते. खडकातल्या कणभर सोन्याची नोंद ठेवणाऱ्या वहीत या कणाला रकानाच नव्हता. आणि असता तरी तो भरणार कोण? रोग दिसायला वर्षे लागतात. हूव्हर त्याच डिसेंबरात चीनला निघून गेला होता.

ही खाण १९६३ साली बंद पडली तेव्हा १,०८० मीटर खोल गेली होती आणि तिने एकूण सुमारे ८२ टन सोने दिले होते. ते सारे एका ठोकळ्यात ओतले तर त्याची बाजू १६२ सेंटिमीटर भरेल. काही आठवड्यांत गाव ओस पडले. हूव्हरने आखलेला मॅनेजरचा बंगला टेकडीवर उभा आहे, आणि खाली मजुरांच्या पत्र्याच्या खोपटांपैकी काही.

तुम्ही आता पाच मायक्रॉनच्या कणाचे गणित करून पाहा. पडण्याचा वेग व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे उत्तर साडेबारा मिनिटांच्या आसपास यायला हवे. आणि सुरुंग उडालेल्या खाणीत हवा स्थिर नसते, हे उत्तराखाली लिहायला विसरू नका.